कागदावर पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल: १९५२च्या शेव्हरोले पिकअपच्या विक्रीचे प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी डिचोली तालुक्यातल्या एका कुळागरवाल्या (सुपारी-नारळाची बाग असलेल्या) कुटुंबाची. शेव्हरोले ३१००, साल १९५२, अर्ध्या टनाची पिकअप. कंपनीच्या १९४७ ते १९५५ या काळातल्या 'ॲडव्हान्स डिझाईन' मालिकेतली. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात आलेली आणि १९६१ नंतर भारतीय नंबर मिळालेली. सुपारी, नारळ, शेणखत, चतुर्थीला माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचे) सामान अशी घरचीच वाहतूक तिने केली. नोंदही खासगी वापराची. नव्वदच्या दशकात इंजिन जाम झाले आणि गाडी मांगरात (बागेतल्या खोपटात) गेली ती तिथेच राहिली.

वडील वारल्यावर धाकट्या मुलाने ती बाहेर काढली. तीन वर्षे काम चालले आणि चौदा लाखांच्या आसपास खर्च झाला. काम नुसत्या दुरुस्तीचे नव्हते, गाडी मनासारखी घडवून घेतली होती. मूळ सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन उतरवून टेम्पोचे २.४ लिटरचे डिझेल बसवले. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, सहा व्होल्टच्या जागी बारा व्होल्टचे वायरिंग, पंधरा इंची रुंद अलॉय चाके, हौद्याला सागवानी फळ्या, बाहेरून दोन रंगांचा पेंट. दिसायला गाडी देखणी झाली होती. हौद्याचे काम तर फारच सुबक होते: फळ्यांच्या मधल्या पोलादी पट्ट्या मूळच्याच घासून पॉलिश केल्या होत्या आणि एकही बोल्ट वर डोकावत नव्हता.

डिझेल का बसले, याला स्थानिक कारण आहे. डिचोली-साखळीच्या गॅरेजांमध्ये मेस्तांच्या (मेकॅनिकांच्या) दोन पिढ्या खाणीच्या टिप्परांवर घडल्या. इंजेक्टर, पंप, टर्बो हे त्यांच्या हाताखालचे. २०१२मध्ये खाणी बंद झाल्यावर हीच माणसे जुन्या गाड्यांच्या कामाकडे वळली. तेल शिंपडून बेअरिंग ओले ठेवणारे सत्तर वर्षांपूर्वीचे पेट्रोल इंजिन त्यांच्या ओळखीचे नव्हते. "भाई, ह्याचे सामान कुठून आणणार? डिझेल टाका, चाळीस वर्षे बघायला नको," असे मेस्तांनी थोरल्या भावाला सांगितले. त्यात खोट नव्हती. रोज माल वाहायचा असता तर सल्ला बरोबरच होता. पण गाडी विकायची, हे तोवर ठरलेले नव्हते.

अडचण

आईच्या आजारपणात पैशांची गरज पडली आणि गाडी विकायला काढली. मजकूर असा होता: 'विंटेज शेव्हरोले पिकअप, पूर्ण रिस्टोअर केलेली, कस्टम, कागदपत्रे क्लिअर.' मागणी २४ लाख.

या एका ओळीत दोन परस्परविरोधी दावे होते ('रिस्टोअर' म्हणजे मूळ रूपात आणलेली, 'कस्टम' म्हणजे मनासारखी बदललेली) आणि तिसरा, कागदपत्रांचा, खोटा होता. खोटा मुद्दाम नव्हे, न तपासल्यामुळे.

पुण्याचे एक संग्राहक गाडी बघायला आले. एक लाख रुपये इसारा आधीच दिलेला. त्यांनी इंजिन सुरू करायलाही सांगितले नाही. खिशातून रुमालात गुंडाळलेले लहान लोहचुंबक काढले, कॅबच्या मागच्या खालच्या कोपऱ्यावर टेकवले आणि हात सोडला. चुंबक घसरून खाली पडले. एक वीत वर धरले तर घट्ट चिकटले. म्हणजे कोपऱ्यात पत्रा नव्हता, पुट्टी होती. उजव्या कोपऱ्याच्या रंगावर मोहरीएवढे पाच-सहा फोड आलेले. त्यातला एक त्यांनी नखाने दाबला तर आतून तपकिरी पाणी आले.

मग त्यांनी आरसी (गाडीचे नोंदणीपत्र) मागितली. आरसी वडिलांच्या नावावर. मुदत संपून सहा वर्षे झालेली. इंधन: पेट्रोल. इंजिन क्रमांक जुन्या इंजिनाचा. चासी क्रमांकाची पाटी दाराच्या खांबावर असायला हवी, तिथे गुळगुळीत रंग. पेंटरने ती काढली होती आणि परत लावलीच नव्हती. विमा नव्हता, तरी आधीच्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकांना मये तळ्यापर्यंत फेरी मारून आणले होते. त्या फेरीत कोणाला धक्का लागला असता तर भरपाई कुटुंबाच्या खिशातून गेली असती.

संग्राहकांनी इसारा परत मागितला. हा पहिला खरा निर्णय होता. धाकट्याचे म्हणणे, इसारपावतीत परतीची अट नाही, ठेवून घेऊ. थोरल्याने दुसऱ्या दिवशी पूर्ण रक्कम परत केली आणि वर विचारले, "साहेब, काय केले तर घ्याल?" उत्तर आले: मूळ इंजिन असेल तर फोन करा. पुढचे सगळे या फोनवर उभे राहिले. जाहिरातीतला मजकूर चुकीचा असताना इसारा अडवून ठेवला असता तर लाख रुपये मिळाले असते आणि जाणकार गिऱ्हाईक कायमचे तुटले असते.

समोर असलेले पर्याय

पहिला: आहे तशी विकणे. आसगावच्या एका कॅफेवाल्याला गाडी अंगणात उभी करून हौद्यावर काउंटर मांडायचा होता. त्याने ११ लाख देऊ केले. गाडी रस्त्यावर जाणार नाही, तेव्हा इंजिनाचा प्रश्न सुटतो आणि नोंदणी रद्द करून मोकळे होता येते. सर्वांत सोपा मार्ग हाच, पण चौदा लाखांवर तीन लाखांचा तोटा, आणि गाडी समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर राहणार.

दुसरा: डिझेल इंजिनाची आरसीवर नोंद करून घेणे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे आहे की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायला मुभा आहे, पण ठरलेल्या चौकटीत आणि परवानगी घेऊन. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे कलम काटेकोर वाचले. इथे इंजिन दुसऱ्या कंपनीचे, इंधन वेगळे, आणि काम आधीच झालेले. हे दार बंद धरूनच चालावे लागले.

तिसरा: विंटेज नोंदणी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१मध्ये ८१ए पासूनचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली खासगी गाडी यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी नेहमीच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर नेता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती बाहेर निघते. डिझेल बसवताना चासीवर दोन ब्रॅकेट आणि एक आडवा पट्टा वेल्ड केला होता. तेव्हा 'मूळ रूपात' या शब्दांपाशीच अर्ज अडला असता. जाहिरातीत 'विंटेज' लिहिणाऱ्या बहुतेकांना हा शब्द आता कायद्यातला आहे, याची कल्पना नसते.

चौथा: मूळ इंजिन परत बसवून, नेहमीच्या खासगी नोंदणीचे नूतनीकरण करून विकणे. खर्च आणि वेळ दोन्ही जास्त. पण आरसी आणि गाडी एक होतात, आणि पुढे काय करायचे ते घेणारा ठरवू शकतो.

चौथा पर्याय शक्य झाला तो आईमुळे. जुने इंजिन, गिअरबॉक्स, टॉर्क ट्यूब आणि मागचा ॲक्सल भंगारात द्यायला तिने त्या वेळी नकार दिला होता. सगळे सुपारीच्या मांगरात ताडपत्रीखाली पडले होते. मूळ सोळा इंची पाच चाकेही होती, त्यातले एक विहिरीवरच्या पंपाखाली बैठक म्हणून.

काय केले

कागद आधी. गोव्यात वारसाहक्काला वेगळा कायदा लागू आहे. पती-पत्नीची मालमत्ता बहुतेक वेळा सामाईक असते, म्हणजे वडिलांच्या पश्चात निम्मा हिस्सा आईचा, आणि मुलांमध्ये विवाहित मुलीचाही वाटा मुलाइतकाच. पेडण्याला दिलेल्या बहिणीला या विक्रीत कोणी विचारलेच नव्हते. नोटरीकडे वारसा दस्त झाला. बहिणीने संमती दिली, पण विक्रीच्या रकमेतला तिचा वाटा लेखी ठरल्यावरच. तिचे ते बरोबरच होते. त्यानंतर फॉर्म ३१ भरून गाडी आईच्या नावावर. या सगळ्यात चार महिने गेले, तेवढ्यात इंजिनाचे काम झाले.

इंजिन २१६ घनइंचाचे, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचे. बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक पावणेचार. पिस्टन बिडाचे. स्पार्क प्लगच्या भोकांतून केरोसिन आणि ऑटोमॅटिक गिअरचे तेल निम्मे-निम्मे घालून आठ दिवस मुरत ठेवले. मग फ्लायव्हीलच्या दातांना पहार लावून दोन्ही बाजूंना थोडे थोडे हलवत सोडवले. एकाच दिशेने जोर लावला की रिंगा तुटतात.

या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडला सुटी शेल बेअरिंग नसतात. व्हाइट मेटल थेट रॉडमध्ये ओतलेले असते. ते काम डिचोलीत होईना, रॉड बेळगावला पाठवले. कॅपखालच्या पातळ शिम (पत्र्याच्या पट्ट्या) कमी-जास्त करून गाळा बसवायचा असतो. मशीन शॉपने आधी शिम काढूनच टाकल्या होत्या, तसे चालवले असते तर पुढे झीज झाल्यावर घट्ट करायला जागाच उरली नसती. रॉड परत पाठवले आणि शिमसह पुन्हा करून घेतले.

खरी मेख तेलाच्या टपात आहे. टपात पन्हळी असतात, रॉडच्या टोकाला पळीसारखे डिपर. मंद गतीला डिपर पन्हळीतले तेल उडवतात, वेग वाढला की नळ्यांतून येणारी तेलाची धार थेट डिपरवर पडते. टप खालून कधी दगडावर आपटलेला असेल तर पन्हळ वर सरकते, नळीची दिशा चुकते आणि नेमका एकच रॉड कोरडा पडून ठोकायला लागतो. इथे टपाला पाच मिलिमीटरचा पोचा होता. तो सरळ करून सहाही धारा एक-एक तपासल्या. नव्वदच्या दशकात इंजिन जाम होण्याचे कारण बहुधा हेच होते, कारण चौथ्या रॉडचे मेटल पार वितळलेले होते.

घेणाऱ्यासाठी एक गोष्ट लिहून डॅशबोर्डवर लावली: ऑइलचा काटा १४-१५ पौंडांवर राहतो, ते ठीक आहे. या इंजिनाचा मीटरच ३० पर्यंतचा. आजच्या गाडीची सवय असलेला माणूस हा काटा बघून 'इंजिन गेले' म्हणतो आणि दोन-तीन लाख पाडून मागतो.

टॉर्क ट्यूबमुळे अर्धवट काम करता येत नाही. या पिकअपचा प्रोपेलर शाफ्ट एका बंद नळीत असतो आणि नळी एका टोकाला गिअरबॉक्सला, दुसऱ्या टोकाला डिफरन्शियलला जोडलेली. तेव्हा इंजिन परत आणायचे तर गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सलही परत आलाच. स्टिअरिंग कॉलमवरच्या गिअर लिव्हरच्या कांड्या तेवढ्या भंगारात गेल्या होत्या. अमेरिकेत या मालिकेचे बहुतेक भाग आजही नव्याने बनतात, तिथून मागवल्या. सात आठवडे लागले.

पेट्रोलची टाकी या गाडीत सीटच्या मागे, कॅबच्या आत असते. जुने रबर आणि कॉर्कची गॅस्केट आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये फुगतात आणि चिरतात. साध्या गाडीत गळती जमिनीवर दिसते, इथे ती चालकाच्या पाठीमागे होते. म्हणून टाकीच्या गळ्याचा होज, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचा किट इथेनॉल सोसणारा घातला. इथे पैसे वाचवायचे नाहीत.

कोपऱ्यांचे टिनकाम नव्याने झाले. पुट्टी ग्राइंड करून काढली तर उजवीकडे हात जाईल एवढे भोक निघाले. कारण पहिल्या वेळी सँडब्लास्टिंग जुलैत झाले होते. पावसाळ्यातल्या दमट हवेत उघडा पत्रा काही तासांत तांबूस होतो, आणि त्यावर चौथ्या दिवशी प्रायमर मारला होता. या खेपेला काम जानेवारीत घेतले. गंजलेला पत्रा कापून १.२ मिमीचा नवा घडवून बसवला. सीओटू वेल्डिंग एका रेषेत ओढत न जाता इंचभर इकडे, इंचभर तिकडे, प्रत्येक टाका गार होऊ देत, नाहीतर पत्रा लाटेसारखा होतो. त्याच संध्याकाळी इपॉक्सी प्रायमर. आतून पोकळीत मेण फवारले आणि पाणी निघून जायची खालची भोके मोकळी ठेवली. आधीच्या माणसाने ती पुट्टीने बुजवली होती, म्हणून पाणी आत साठत होते.

चासीवरचे वेल्ड केलेले ब्रॅकेट काढून जागा समतल घासली. हे लपवायचे की सांगायचे, यावर भावांचे दोन दिवस वाजले. शेवटी काढण्याआधीचे आणि नंतरचे फोटो फाइलला लागले.

डिस्क ब्रेक हा सर्वांत अवघड निर्णय. सुरक्षेच्या दृष्टीने डिस्क नक्कीच चांगले. मूळ ब्रेकला मास्टर सिलिंडर एकच सर्किटचा, एक पाइप फुटला की चारही चाके मोकळी. पण किट बोल्टचे होते, वेल्डचे नव्हते. म्हणून मूळ ड्रम नवे लायनर, नवे सिलिंडर, नवे पाइप घालून बसवले आणि डिस्कचे किट पेटीत घालून गाडीबरोबर दिले. आमच्या मते इथे उलट करायला हरकत नव्हती. घाटात गाडी चालवणारा डिस्कच मागेल.

बारा व्होल्टचे वायरिंग तसेच ठेवले. सहा व्होल्टची बॅटरी आणि बल्ब वेळेवर मिळत नाहीत, आणि रात्री दिवा अंधुक असलेली गाडी रस्त्यावर धोक्याची. चाके मूळ सोळा इंची. टायर ६.००-१६, जुन्या जीपचेच माप, सहज मिळते. त्याच मापात ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे उभ्या रेघांचे टायरही मिळतात आणि दुकानदार तेच हातात देतो. ते रस्त्याच्या वेगाला चालत नाहीत. सागवानी हौदा आणि फाळका जसा होता तसा राहिला. फळ्या झिजणारी वस्तू, त्या बदलल्याने गाडीचे मोल उतरत नाही.

मग विमा, पीयूसी, नूतनीकरणाचा फॉर्म २५ आणि तपासणी. थकलेल्या वर्षांचा दंड भरला. चासीची पाटी धाकट्याच्या खणात सापडली. ती साध्या पॉप रिव्हेटने ठोकली असती तर छेडछाड केल्यासारखी दिसली असती. मूळ रिव्हेट कसे होते ते दुसऱ्या खांबावरच्या खुणेवरून बघून तसेच घडवले. इंजिन क्रमांक डिस्ट्रिब्युटरशेजारी ब्लॉकवर असतो, तिथला रंग काढून पेन्सिल प्रिंट घेतला. आरसीशी अक्षर न् अक्षर जुळला. पाच वर्षांचे नूतनीकरण मिळाले.

निष्पत्ती

फेरकामाला तीन लाख नव्वद हजार लागले, अकरा महिने गेले. नवा मजकूर दोन भागांत लिहिला: 'मूळ काय आहे' आणि 'काय बदलले आहे'. विंटेज हा शब्द काढून टाकला. कोपऱ्यातला नवा पत्रा, चासीवरच्या वेल्डच्या खुणा, बारा व्होल्ट, सागवान, सगळे त्यात.

पुण्याच्या संग्राहकांना थोरल्याने फोन केला. ते पुन्हा आले, तेच चुंबक घेऊन. १७ लाख ५० हजारांना व्यवहार ठरला. उतरवलेले डिझेल आणि गिअरबॉक्स वाळपईच्या एका टेम्पोवाल्याने एक लाख दहा हजारांना घेतले. एकूण खर्च धरता कुटुंबाला जेमतेम सत्तर हजारांच्या आसपासच सुटले, पण कॅफेवाल्याच्या ११ लाखांच्या मानाने, फेरकामाचा खर्च वजा जाता, साडेतीन लाखांहून जास्त हाती आले. मालकी बदलाचे फॉर्म २९, ३० आणि महाराष्ट्रासाठी २८ची एनओसी झाली. एनओसी येईपर्यंत गाडी हलवली नाही. ती चालवत न नेता ट्रेलरवर चोर्ला घाटातून बेळगावमार्गे गेली.

वेगळे काय करता आले असते

इंजिन उतरवण्याआधी आरसी उघडून बघायला हवी होती. पाच मिनिटांचे काम. क्रमांक जुळतो, हे तेव्हाच कळले असते आणि २१६ची डागडुजी पहिल्याच खेपेला झाली असती. दोनदा झालेला खर्च ढोबळ मानाने सहा लाखांचा आहे, आणि त्यातला मोठा भाग इथला.

डिझेल हवेच होते तर ब्रॅकेट बोल्टवर घेता आले असते. चासीला मूळची भोके आहेत, त्यांना पट्टी जोडून माउंटिंग करता येते, मेस्तांना ते जमलेही असते. त्यांना कोणी तसे सांगितले नाही. तेवढ्याने, मूळ इंजिन परत बसवल्यावर, विंटेज नोंदणीचा मार्ग कदाचित उघडा राहिला असता.

पहिल्या खरेदीदाराला बोलावण्याआधी एखाद्या तटस्थ मेस्ताला शंभर रुपयांचे चुंबक घेऊन गाडीभोवती फिरवले असते तरी फोड आणि पुट्टी घरातच कळली असती.

बहिणीला सुरुवातीलाच विचारले असते तर चार महिन्यांतले किमान दोन वाचले असते. तिच्या लग्नात वरातीचे सामान याच गाडीतून पेडण्याला गेले होते. ट्रेलर निघाला त्या दिवशी ती आली आणि पेटीतल्या सुट्या भागांची यादी तिनेच वाचून घेणाऱ्याची सही घेतली: डिस्कचे किट, चार अलॉय चाके, जुन्या शिमची पुडी, आणि विहिरीवरून परत आणलेले ते एक चाक, स्टेपनी म्हणून.